दहावीच्या जीवशास्त्राची तयारी: संज्ञेपासून उत्तरापर्यंत

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत जीवशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून येत नाही. ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या ४० गुणांच्या आणि दोन तासांच्या प्रश्नपत्रिकेत त्याचा मोठा वाटा असतो. २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकातील दहा पाठांपैकी हरित ऊर्जा, आपत्ती व्यवस्थापन यांसारखे काही पाठ वेगळ्या स्वरूपाचे आहेत. परंतु आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रियांचे दोन भाग, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पेशीविज्ञान हा पुस्तकाचा गाभा जीवशास्त्राचाच आहे. या गाभ्याविषयी विद्यार्थ्यांत आणि पालकांतही एक समज घट्ट रुजलेला आढळतो, तो असा की भौतिकशास्त्र समजून घ्यावे लागते आणि जीवशास्त्र पाठ करावे लागते. अवघड प्रश्नांपेक्षाही हा समज विद्यार्थ्याचे अधिक नुकसान करतो, कारण घोकलेले वाक्य मध्येच तुटले की त्यापुढचे सगळे निसटते, आणि समजलेली प्रक्रिया मात्र तिच्या कोणत्याही टप्प्यापासून पुन्हा उभी करता येते.

प्रश्नपत्रिकेचा प्रचलित आराखडाच याची साक्ष देतो. बहुपर्यायी आणि एका वाक्यात उत्तर मागणाऱ्या वस्तुनिष्ठ प्रश्नांना १० गुण आहेत. उरलेल्या ३० गुणांपैकी ४ गुण शास्त्रीय कारणांना, ६ गुण दोन-दोन गुणांच्या छोट्या उत्तरांना, १५ गुण आठांपैकी पाच सोडवायच्या तीन गुणी प्रश्नांना आणि ५ गुण एका सविस्तर उत्तराला मिळतात. म्हणजे चाळीसपैकी तीस गुण विद्यार्थ्याने स्वतः रचलेल्या वाक्यांवर, काढलेल्या आकृतीवर आणि जोडलेल्या कारणांवर अवलंबून असतात. तयारीचा वेळ वाटताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले तर केवळ रिकाम्या जागा आणि जोड्या यांची पुस्तिका घोकण्यात दिवस घालवणे किती तोट्याचे आहे हे आपोआप कळते.

तयारीची सुरुवात संज्ञांपासून करावी. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या हाती येथे एक मोठे साधन असते आणि त्याचा उपयोग फार थोडे विद्यार्थी करतात: मराठीतील बहुतेक शास्त्रीय संज्ञा स्वतःचा अर्थ स्वतःच सांगतात. ‘संधिपाद’ म्हणजे ज्यांच्या पायांना संधी, अर्थात सांधे आहेत असे प्राणी. ‘कंटकचर्मी’ म्हणजे ज्यांच्या चर्मावर, त्वचेवर काटे आहेत असे. ‘मृदुकाय’ म्हणजे मऊ शरीराचे. ‘सूत्री विभाजन’ या पेशीविभाजनाच्या प्रकाराच्या नावातील ‘सूत्र’ म्हणजे धागा. विभाजनाच्या आरंभी केंद्रकातील नाजूक द्रव्य आखडून जाड धाग्यांसारखे दिसू लागते, त्यावरून हे नाव आले. ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ या नावातच गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, म्हणजे माणसात ४६ वरून २३ वर येते, ही मुख्य गोष्ट सांगितलेली आहे. वहीच्या एका पानावर संज्ञा लिहून तिची फोड करावी आणि त्या फोडीतून व्याख्या स्वतःच्या वाक्यात तयार करावी. अशी व्याख्या पुस्तकातील व्याख्येहून शब्दांत वेगळी असली तरी अर्थाने अचूक असेल तर तिला धोका नसतो.

मात्र काही संज्ञा एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या आहेत की त्यांची फोड केल्याशिवाय गोंधळ अटळ होतो. पृष्ठरज्जू, चेतारज्जू आणि पाठीचा कणा या तीन गोष्टी उत्तरांत सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. पृष्ठरज्जू हा शरीराच्या पाठीकडील बाजूस असलेला, आधार देणारा लांब दांड्यासारखा भाग आहे. चेतारज्जू हा चेतासंस्थेचा, म्हणजे संवेदना व आज्ञा वाहून नेणाऱ्या संस्थेचा भाग आहे. आणि पाठीचा कणा हा पृष्ठवंशीय प्राण्यांत वाढ होताना पृष्ठरज्जूची जागा घेणारा मणक्यांचा सांगाडा आहे. एवढे स्पष्ट झाले की ‘सर्व पृष्ठवंशीय प्राणी समपृष्ठरज्जू असतात, पण सर्व समपृष्ठरज्जू प्राणी पृष्ठवंशीय नसतात’ या विधानाचे कारण पाठ करण्याची गरज उरत नाही: समपृष्ठरज्जू म्हणजे पृष्ठरज्जू असलेले प्राणी, आणि हर्डमानिया किंवा ॲम्फिऑक्सस या प्राण्यांच्या जीवनात पृष्ठरज्जू असतो, पण त्याच्या जागी कणा कधीच तयार होत नाही.

संज्ञांनंतर प्रक्रियांचा क्रम येतो, आणि येथे पेशीश्वसनाचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तीन आणि पाच गुणांच्या प्रश्नांसाठी ते नेहमीचे क्षेत्र आहे. ऑक्सिश्वसनात, म्हणजे ऑक्सिजनच्या साहाय्याने होणाऱ्या श्वसनात, ग्लुकोजच्या एका रेणूपासून एकूण ३८ एटीपी मिळतात असे पाठ्यपुस्तक सांगते. एटीपी हा ऊर्जा साठवून गरजेनुसार पुरवणारा रेणू असून त्याला पेशीचे ऊर्जेचे चलन म्हटले जाते. बहुतेक विद्यार्थी ३८ हा आकडा लक्षात ठेवतात आणि तो कुठून आला हे विसरतात. खरे तर तो एक साधा हिशेब आहे. ग्लुकोजचे विघटन पेशीद्रव्यात होऊन पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात, तेव्हा २ एटीपी आणि २ एनएडीएच२ मिळतात. पायरुविक आम्लाचे रूपांतर ॲसेटिल-को-एन्झाइम-ए मध्ये होताना आणखी २ एनएडीएच२ मिळतात. पुढे तंतुकणिकेत चालणाऱ्या क्रेब चक्रात ६ एनएडीएच२, २ एफएडीएच२ आणि २ एटीपी तयार होतात. एनएडीएच२ आणि एफएडीएच२ हे सहविकरांचे रेणू आहेत. शेवटी तंतुकणिकेतच होणाऱ्या इलेक्ट्रॉन वहन साखळी अभिक्रियेत प्रत्येक एनएडीएच२ पासून ३ आणि प्रत्येक एफएडीएच२ पासून २ एटीपी मिळतात. आता बेरीज केली तर दहा एनएडीएच२ चे ३०, दोन एफएडीएच२ चे ४ आणि थेट मिळालेले ४ असे बरोबर ३८ होतात. उच्च शिक्षणाच्या अलीकडच्या पुस्तकांत हा आकडा सुमारे ३० ते ३२ दिलेला आढळतो, कारण तेथे प्रत्येक एनएडीएच२ चे मोल ३ ऐवजी सुमारे अडीच धरले जाते. परीक्षेत पाठ्यपुस्तकातील आकडाच लिहावा, पण हिशेब कळलेल्या विद्यार्थ्याला पुढे हा फरक पाहून गोंधळल्यासारखे होणार नाही.

क्रेब चक्राचा शोध सर हॅन्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये मांडला आणि १९५३ चा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला, हे लक्षात ठेवणे चांगले. पण उत्तरात सनावळीपेक्षा स्थान आणि क्रम अधिक गुण मिळवून देतात. कोणतीही प्रक्रिया शिकताना ती कुठे होते, कशापासून सुरू होते, काय तयार होते आणि त्या उत्पादनाचे पुढे काय होते, एवढे चार प्रश्न विचारण्याची सवय लागली की पेशीश्वसन, प्रथिनांची निर्मिती आणि द्विफलन या तिन्ही वरवर वेगळ्या प्रक्रिया एकाच पद्धतीने वहीत उतरवता येतात.

प्रथिननिर्मितीचाच दाखला घेतला तर तेथेही पाठांतरापेक्षा तर्क उपयोगी पडतो. डीएनएवरील माहितीची प्रत एमआरएनए या रेणूत उतरते त्याला प्रतिलेखन म्हणतात. त्या प्रतीतील संकेतांनुसार योग्य अमिनो आम्ले आणली जातात ते भाषांतरण. आणि रायबोझोम एमआरएनएवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकेक संकेताच्या अंतराने सरकत जातो ते स्थानांतरण. प्रत्येक अमिनो आम्लाचा संकेत तीन न्युक्लिओटाइडांचा असतो आणि त्याला ट्रिप्लेट कोडॉन म्हणतात. तीनच का, हा प्रश्न वर्गात क्वचित विचारला जातो, पण त्याचे उत्तर अंकगणितात आहे: न्युक्लिओटाइडांचे प्रकार चार असल्यामुळे एकेकट्याचा संकेत केवळ ४ आम्लांना पुरला असता, दोन-दोनचा १६ आम्लांना, आणि अमिनो आम्ले तर २० आहेत, तीन-तीनचे गट केले की ६४ संकेत मिळतात आणि गरज भागते. हे संकेत उलगडण्याच्या कामात भारतात जन्मलेले हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा होता आणि त्यासाठी १९६८ चा नोबेल पुरस्कार त्यांना अन्य दोन संशोधकांसह मिळाला. सरावासाठी डीएनएच्या एका धाग्यावरील टीएसी असा क्रम घेऊन त्याचा एमआरएनएवरील एयूजी हा क्रम स्वतः काढावा, आणि मग आणखी चार-पाच गट तसेच सोडवावेत. आरएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल येते ही गोष्ट असा सराव केल्यावर कधीच विसरली जात नाही.

आकृत्यांविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांना सजावट समजण्याची चूक फार होते. जीवशास्त्रातील आकृती हे उत्तराचेच रूप आहे, आणि सूत्री विभाजनाच्या चार अवस्था तर शब्दांपेक्षा आकृतीतच लवकर स्पष्ट होतात: पूर्वावस्थेत गुणसूत्रे जाड होऊन दिसू लागतात आणि केंद्रकावरण नाहीसे होऊ लागते; मध्यावस्थेत ती पेशीच्या मध्यरेषेवर ओळीने उभी राहतात; पश्चावस्थेत तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रांना ओढणारे बारीक धागे, त्यांच्या दोन भागांना विरुद्ध टोकांकडे नेतात; आणि अंत्यावस्थेत दोन नवी केंद्रके तयार होतात. पुस्तक मिटून या चार आकृत्या पेन्सिलीने काढाव्यात, मग पुस्तक उघडून चुका लाल रंगाने दुरुस्त कराव्यात आणि दोन दिवसांनी पुन्हा काढाव्यात. पुस्तकात पाहून काढलेली सुबक आकृती हाताला वळण देते, स्मरणाला देत नाही. नावे देताना रेषा सरळ असाव्यात, त्या एकमेकींना छेदू नयेत आणि प्रत्येक रेषेचे टोक नेमक्या भागाला टेकलेले असावे. अंडाशयाची रेषा अंडनलिकेवर संपली तर नाव बरोबर असूनही गुण जातो. स्त्री व पुरुष प्रजनन संस्था, फुलाची रचना, अमिबाचे द्विविभाजन आणि हायड्राचे मुकुलायन यांच्या आकृत्या हाताला पक्क्या बसलेल्या असाव्यात.

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाठ बहुतेक विद्यार्थ्यांना सर्वांत रूक्ष वाटतो, आणि वास्तविक तो घराबाहेर सर्वांत सहज दिसणारा पाठ आहे. कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्याने मासळी बाजारातील एकेक टोपली पाहिली तरी अर्धा पाठ समोर येतो. कोळंबी, खेकडा आणि शेवंड संधिपाद. तिसऱ्या, कालवे आणि माकूल मृदुकाय, त्यांतही माकूलचे कवच शरीराच्या आत असते हे कापताना दिसते. मोरी हा शार्क कास्थिमत्स्य, कारण त्याचा सांगाडा हाडांऐवजी लवचिक कास्थींचा असतो आणि कल्ल्यांच्या फटी उघड्या दिसतात. तर पापलेट आणि रावस अस्थिमत्स्य, कारण त्यांचा सांगाडा हाडांचा असून कल्ल्यांवर झाकण असते. पावसाळ्यात मुंबईच्या जुहूसारख्या किनाऱ्यांवर वाहून येणाऱ्या निळ्या ब्लू बॉटलचा स्पर्श दाह का करतो, याचे उत्तर निडारिया संघाच्या दंशपेशींत आहे. देशावरच्या, मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या विद्यार्थ्याला समुद्र नसला तरी पहिल्या पावसात शेतात निघालेले गांडूळ, भिंतीवर चढलेली गोगलगाय आणि दगडाखालची गोम हे अनुक्रमे वलयी, मृदुकाय आणि संधिपाद संघांचे प्रतिनिधी भेटतातच. प्रत्येक प्राणी दिसताच त्याची सममिती, म्हणजे शरीराचे समान भाग कोणत्या प्रतलाने होतात ते, देहगुहा आणि शरीराचे खंडीभवन यांविषयी स्वतःला प्रश्न विचारावेत. निकष आधी आणि नाव नंतर, या क्रमाने वर्गीकरण शिकले तर ते टिकते.

हीच गोष्ट वनस्पतींच्या प्रजननाची. जास्वंदाचे फूल ब्लेडने उभे चिरले की केसरांची नळी, तिच्यातून वर आलेला कुक्षीवृंत आणि तळाचा अंडाशय क्षणात दिसतात. द्विफलनात परागनलिकेतील दोन पुंयुग्मकांपैकी एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन युग्मनज बनतो आणि दुसऱ्याचा दोन ध्रुवीय केंद्रकांशी संयोग होऊन भ्रूणपोष, म्हणजे वाढत्या गर्भाला अन्न पुरवणारी ऊती तयार होते. शहाळ्याचे पाणी आणि नारळाचे खोबरे ही त्या भ्रूणपोषाचीच रूपे आहेत हे एकदा कळले की ही संज्ञा घरातील रोजच्या वस्तूशी कायमची बांधली जाते. बटाट्याचे डोळे आणि कुंडीतल्या पानफुटीच्या पानाच्या कडेवर उगवलेली रोपे शाकीय प्रजननासाठी, तर शिळ्या पावावरची बुरशी बीजाणूंसाठी पुरेशी प्रयोगशाळा आहे.

शास्त्रीय कारणांच्या प्रश्नांत गुण कमी मिळण्याचे एक ठरावीक कारण आहे: विद्यार्थी विधानच वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहितात. कासव जमिनीवर व पाण्यात दोन्ही ठिकाणी राहते, तरी ते उभयचर का नाही, या प्रश्नाला ‘कारण ते सरीसृप आहे’ हे उत्तर दिले तर त्यात कारण काहीच नाही. उभयचर प्राण्यांची पिल्ले पाण्यात राहून कल्ल्यांनी श्वसन करतात आणि प्रौढ प्राणी ओलसर त्वचेनेही श्वसन करतात, हा निकष आधी लिहावा. मग कासव आयुष्यभर फुप्फुसांनीच श्वसन करते, त्याची त्वचा कोरडी व खवलेदार असते आणि ते कवच असलेली अंडी जमिनीवर घालते, ही निरीक्षणे मांडावीत. आणि त्यानंतरच त्याचा वर्ग सांगावा. निकष, निरीक्षण, निष्कर्ष हा क्रम अंगवळणी पडला की जोडणाऱ्या दुव्यांविषयीचे प्रश्नही सोपे होतात: डकबिल प्लॅटिपस सरीसृपांप्रमाणे अंडी घालतो, पण त्याच्या शरीरावर केस आणि दुग्धग्रंथी असतात, म्हणून तो सरीसृप व सस्तन प्राणी यांना जोडणारा दुवा ठरतो.

काही भाग मात्र पाठच करावा लागतो हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कोणत्या सूक्ष्मजीवापासून कोणते सेंद्रिय आम्ल, कोणते विकर किंवा कोणते औषध मिळते हे तर्काने काढता येत नाही. ॲस्परजिलस नायगर या बुरशीपासून सायट्रिक आम्ल मिळते हे लक्षात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. अशा तक्त्यांसाठी स्मरणाविषयी मानसशास्त्राने दाखवून दिलेल्या गोष्टी वापराव्यात. जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की नव्याने शिकलेले बरेचसे पहिल्याच काही तासांत आणि दिवसांत विसरले जाते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून तक्ता एकाच बैठकीत दहा वेळा वाचण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने एकदा आठवून पाहणे श्रेयस्कर. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्याने, मजकूर न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे होते. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ ‘नीट वाचला’ की तयारी झाली असे जे वाटते, त्या भासाचे मूळ यातच आहे. तक्त्याची एक बाजू झाकून दुसरी लिहावी. जे आठवले नाही त्यावर खूण करावी आणि पुढच्या वेळी फक्त खुणांवर काम करावे.

वेळेचा हिशेब सोपा आहे: १२० मिनिटांत ४० गुण, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. वस्तुनिष्ठ १० गुण पंधरा मिनिटांत संपतात, आणि वाचलेली पंधरा मिनिटे आकृत्यांना व शेवटच्या तपासणीला द्यावीत. तीन गुणांच्या उत्तरात तीन स्वतंत्र मुद्दे दिसले पाहिजेत. एकच मुद्दा लांबवून अर्धे पान भरण्याने वेळ जातो आणि परीक्षकाला गुण देण्यासारखे काही सापडत नाही. घरी किमान तीन जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवल्याशिवाय ही गती हाताला येत नाही. प्रात्यक्षिकाचे २० गुण वेगळे आहेत, आणि प्रात्यक्षिक वहीत प्रयोगाचे निरीक्षण स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असेल तर तोंडी प्रश्नांची वेगळी तयारी करावी लागत नाही.

मराठी माध्यमातील जे विद्यार्थी पुढे अकरावीला विज्ञान शाखा घेतात त्यांना बहुतेक महाविद्यालयांत जीवशास्त्र इंग्रजीतून शिकावे लागते, आणि पहिल्या सत्रात त्यांची बरीच शक्ती नव्या शब्दांशी झगडण्यात जाते. दहावीच्या वहीत प्रत्येक मराठी संज्ञेसमोर इंग्रजी संज्ञा लिहून ठेवण्याची सवय असेल तर हे ओझे निम्मे होते, कारण यांपैकी अनेक शब्द ग्रीक भाषेतून आले आहेत आणि त्यांची घडण मराठी शब्दांसारखीच आहे. ‘आर्थ्रोपोडा’ मधील आर्थ्रोन म्हणजे सांधा आणि पोडोस म्हणजे पायाचा, म्हणजे अक्षरशः संधिपाद. ‘एकायनोडर्माटा’ मधील एकायनोस हा काटेरी प्राणी आणि डर्मा म्हणजे त्वचा, म्हणजे कंटकचर्मी. ‘मायटॉसिस’ मधील मायटॉस म्हणजे धागा, आणि ‘मिऑसिस’ म्हणजे घट. जेथे ही जोडी जुळत नाही तेथे थांबून पाहावे: ‘गुणसूत्र’ हा शब्द गुण वाहून नेणारा धागा असा कार्याचा बोध करतो, तर ‘क्रोमोसोम’ म्हणजे रंग घेणारी काया, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना हा भाग रंजक द्रव्य चटकन शोषून ठळक दिसतो. एकाच वस्तूचे काम मराठी नावात आणि तिचे दिसणे इंग्रजी नावात नोंदलेले आहे. अकरावीच्या वर्गात जाताना विद्यार्थ्याच्या वहीत ही दोन्ही नावे शेजारी-शेजारी लिहिलेली असावीत.